लोक आणि जमाव : कॅथलिक परंपरेतील राजकारणाचा व प्रसारमाध्यमांचा विचार

रोमन कॅथलिक चर्च ही जगातील सर्वांत जुन्या आणि अखंड चालत आलेल्या संस्थांपैकी एक होय. तिच्या डोळ्यांदेखत कित्येक राज्ये उदयास आली आणि लयास गेली. छपाईची कला, वृत्तपत्र, चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि अखेरीस ज्याच्या त्याच्या खिशातील मोबाइल फोन अशी साधने एकामागून एक अवतरली, आणि त्या प्रत्येकाविषयी या संस्थेला काही एक भूमिका घ्यावी लागली. ही भूमिका नेहमीच दूरदृष्टीची होती असे म्हणता येणार नाही. किंबहुना प्रारंभीची कित्येक शतके ती भयाची आणि निषेधाची होती. परंतु छळाच्या अनुभवातून व अंतर्गत वादांतून ती जशी बदलत गेली, तो इतिहास कॅथलिक नसलेल्या वाचकालाही विचार करावयास लावणारा आहे. राजकारण आणि समाजमाध्यमे यांची आज जी गुंतागुंत झाली आहे, तिच्याकडे पाहण्याची एक उपयुक्त दृष्टी त्यातून हाती लागते. ही दृष्टी मुख्यतः एका भेदावर उभी आहे. तो भेद म्हणजे लोक आणि जमाव यांच्यातील भेद होय.

निषेधाची परंपरा

१५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. या सूचीत ज्या ग्रंथाचे नाव येई, तो परवानगीवाचून वाचणे वा जवळ बाळगणे कॅथलिकांस वर्ज्य असे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर १६१६ मध्ये, दुरुस्ती होईपर्यंत म्हणून, बंदी आली. १६३३ च्या खटल्यानंतर गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथही निषिद्ध ठरला. या दोन्ही ग्रंथांची नावे सूचीच्या १८३५ च्या आवृत्तीत प्रथमच वगळण्यात आली. सूचीची अखेरची आवृत्ती १९४८ मध्ये निघाली आणि १९६६ मध्ये तिचे कायद्याचे बळ संपुष्टात आले. म्हणजे ही व्यवस्था चारशेहून अधिक वर्षे टिकली.

या धोरणाचे दुहेरी स्वरूप आपल्या देशातही दिसून आले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, तो जेझुइट धर्मप्रसारकांबरोबर. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १५६० मध्ये, त्याच गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. एका बाजूस स्थानिक भाषांतील धर्मग्रंथ हुडकून नष्ट केले जात होते; दुसऱ्या बाजूस फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचत होते, आणि १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन लिपीत छापलेही गेले. शब्दाचे सामर्थ्य चर्चला पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच ते सामर्थ्य आपल्याखेरीज इतरांच्या हाती जाऊ नये असे तिला वाटत असे.

या वृत्तीमागे एक तर्क होता. सत्याला हक्क असतात, असत्याला नसतात. मग असत्य छापण्याचे स्वातंत्र्य कशासाठी द्यावे, असा तो तर्क होय. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चवर झालेल्या आघातांची आठवण ताजी असताना पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कठोर शब्दांत धिक्कार केला. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये आधुनिक काळातील ‘भ्रांत मतां’ची यादीच प्रसिद्ध केली. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावे, हे त्या यादीतील शेवटचे मत होते. म्हणजे ज्या गोष्टीची अपेक्षा जग करीत होते, तीच चुकीची ठरविण्यात आली होती.

तथापि आधुनिक जीवनाचे काही प्रश्न असे होते की त्यांवर निव्वळ निषेध पुरेसा नव्हता. कारखान्यांतील मजुरांची दैना हा त्यांतील प्रमुख होय. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र काढून त्यास हात घातला. मजुराला कुटुंबाचे पोषण होईल एवढे वेतन मिळाले पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, आणि दुर्बलांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी त्यात एका तत्त्वाची भर घातली. कुटुंब, गाव, संघटना यांना जे काम स्वतः करता येण्याजोगे आहे, ते वरच्या सत्तेने त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये, असे ते तत्त्व होय. मनुष्याची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, परस्परांविषयीची बांधिलकी आणि सत्तेचे हे विकेंद्रीकरण या चार आधारांवर पुढील काळातील कॅथलिक राजकीय विचार उभा राहिला. वाचकाच्या ध्यानात येईल की यांत कोणत्याही पक्षाचा कार्यक्रम नाही. कोणताही पक्ष तपासून पाहण्यासाठी लागणारी ही मापे आहेत.

छळाचा अनुभव आणि १९४४ चे भाषण

मुद्रणस्वातंत्र्याचे मोल चर्चला समजले ते ग्रंथ वाचून नव्हे. स्वतःची मुस्कटदाबी झाली तेव्हा समजले. १९३१ च्या फेब्रुवारीत मार्कोनीने उभारलेली व्हॅटिकनची नभोवाणी सुरू झाली. त्याच वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने कॅथलिक युवक-संघटनांवर घाव घातला. त्याचा निषेध करणारे परिपत्र इटलीत दडपले जाईल या भीतीने पोपला ते पॅरिसला पाठवून तेथून प्रसिद्ध करावे लागले. १९३७ मध्ये नात्सी राजवटीवर टीका करणारे परिपत्र जर्मन भाषेत लिहिले गेले. ते चोरून जर्मनीत नेण्यात आले, गुप्तपणे छापण्यात आले आणि २१ मार्च रोजी देशभरातील प्रार्थनामंदिरांतून वाचून दाखविण्यात आले. गेस्टापोने प्रती जप्त केल्या आणि ते छापणारे छापखाने बंद पाडले. ज्या संस्थेने शतकानुशतके इतरांचे ग्रंथ रोखले, तिच्यावर आपला मजकूर लपवून छापण्याची पाळी आली.

दुसरे महायुद्ध संपत आले असता, २४ डिसेंबर १९४४ रोजी, पोप बारावे पायस यांनी नभोवाणीवरून नाताळचे भाषण केले. ज्यूंच्या संहाराच्या काळात या पोपने राखलेल्या मौनाविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत, आणि ती चर्चा अद्याप संपलेली नाही. परंतु या भाषणात त्यांनी लोकशाहीविषयी जे विवेचन केले ते कॅथलिक विचारातील एक महत्त्वाचे वळण होते. लोक आणि जमाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्यांनी मांडले. लोकांना आपली अशी चेतना असते. त्यांतील प्रत्येक जण आपल्या जागी उभा राहून स्वतःच्या जबाबदारीने विचार करतो. जमावाला स्वतःची गती नसते. बाहेरून धक्का मिळाला की तो हलतो. त्याच्या भावना कशा चाळवाव्यात हे ज्याला कळले त्याच्या हातचे तो खेळणे बनतो आणि आज एका निशाणामागे तर उद्या दुसऱ्या निशाणामागे धावतो. संख्येवरून हे दोन ओळखता येत नाहीत. लक्षावधी माणसे लोक असू शकतात आणि पन्नास माणसांचाही जमाव होऊ शकतो.

‘सामाजिक’ या शब्दाचा अर्थ

पोप तेविसावे जॉन यांनी एप्रिल १९६३ मध्ये काढलेल्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रात सत्याचा शोध घेण्याचा, आपले मत मांडण्याचा आणि सार्वजनिक घडामोडींची खरी माहिती मिळविण्याचा हक्क मनुष्यमात्राला आहे, असे स्पष्टपणे नमूद केले. १८३२ पासून १९६३ पर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांविषयीचा आपला ठराव १९६० विरुद्ध १६४ मतांनी संमत केला. परिषदेच्या मानाने विरोधी मतांची ही संख्या मोठी होती. ठराव वरवरचा आणि उपदेशपर आहे, अशी टीका खुद्द कॅथलिक पत्रकारांनीही केली, आणि ती निराधार नव्हती. परंतु दोन गोष्टी त्यात टिकाऊ निघाल्या. पहिली म्हणजे शब्दयोजना. मुद्रण, चित्रपट, नभोवाणी यांना त्या काळी सर्रास ‘जनसमूहाची माध्यमे’ म्हटले जात असे. परिषदेने ‘सामाजिक संज्ञापनाची साधने’ असा शब्दप्रयोग स्वीकारला. समूहाला उद्देशून एकाने ओरडणे यापेक्षा समाजातील माणसांनी एकमेकांशी बोलणे हा अर्थ त्यात अधिक आहे. १९४४ च्या भाषणातील भेदच येथे निराळ्या रूपाने अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, लिहिणाऱ्या आणि दाखविणाऱ्या इतकीच वाचणाऱ्या व पाहणाऱ्या माणसाचीही नैतिक जबाबदारी असते, असे ठरावाने सांगितले. ग्राहक म्हणून आपण काय निवडतो यावर माध्यमांचे स्वरूप अवलंबून असते.

या ठरावाची उणीव १९७१ मध्ये निघालेल्या ‘कोम्मुनिओ एत प्रोग्रेसिओ’ या विस्तृत दस्तऐवजाने पुष्कळ अंशी भरून काढली. माहितीचा हक्क, दुतर्फा संवाद आणि चर्चच्या अंतर्गतही मतभिन्नतेस वाव, या गोष्टी त्यात आल्या. पुढे १९९५ मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटवर आपले स्थान निर्माण केले. १२ डिसेंबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ट्विटरवर आपला पहिला संदेश दिला. साधनाचे भय आता उरले नव्हते. प्रश्न एवढाच होता की, त्या साधनाने माणसे लोक होतात की जमाव.

मनिला येथील दोन अनुभव

या प्रश्नाची कसोटी फिलिपिन्समध्ये पाहावयास मिळते. फेर्दिनांद मार्कोस यांच्या दीर्घ हुकूमशाहीच्या अखेरीस, फेब्रुवारी १९८६ मध्ये, निवडणुकीतील गैरप्रकारांनंतर सैन्यातील एका गटाने बंड केले. बंडवाले संख्येने अल्प होते. २२ फेब्रुवारीच्या रात्री मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’ या कॅथलिक नभोवाणी केंद्रावरून नागरिकांना आवाहन केले की, त्यांनी एद्सा हमरस्त्यावर यावे आणि या सैनिकांचे रक्षण करावे. लक्षावधी माणसे आली. जोगिणी जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. शासनाने या केंद्राचे प्रक्षेपणयंत्र उद्ध्वस्त केले, तेव्हा दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपण चालू ठेवण्यात आले. २५ फेब्रुवारीला मार्कोस यांनी देश सोडला. एवढी गर्दी असूनही ती जमाव ठरली नाही. कारण आपण कशासाठी उभे आहोत आणि काय करावयाचे नाही, हे तीतील बहुतेकांना ठाऊक होते.

छत्तीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच मार्कोस यांचे पुत्र त्याच देशात निम्म्याहून अधिक मते मिळवून अध्यक्षपदी निवडून आले. अनेक धर्मगुरूंनी प्रतिस्पर्धी उमेदवार लेनी रोब्रेडो यांना उघड पाठिंबा दिला होता. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. दरम्यानच्या काळात हुकूमशाहीचे वर्णन सुवर्णयुग म्हणून करणाऱ्या चित्रफिती आणि मजकूर समाजमाध्यमांवर अमाप पसरला होता. खोट्या बातम्यांविरुद्ध तेथील बिशपांनी २०१७ मध्येच पत्र काढले होते. या निकालास दारिद्र्य, प्रादेशिक निष्ठा, १९८६ नंतरच्या सरकारांकडून झालेला अपेक्षाभंग अशी इतरही कारणे होती. केवळ फोनला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. परंतु एक गोष्ट उघड आहे. १९८६ मध्ये एक विश्वासार्ह आवाज सर्वांनी मिळून ऐकला. २०२२ मध्ये प्रत्येक जण आपल्या पडद्यावर, आपल्या आवडीनुसार निवडून दिलेले, निराळे काही ऐकत होता. मतभेद तर पूर्वीही होते. आता मतभेद कशाविषयी आहेत याबद्दलही एकमत होण्याजोगी सामाईक भूमी राहिली नव्हती.

रस्त्यावरचा जखमी मनुष्य

पोप फ्रान्सिस यांना या परिस्थितीचा प्रत्यक्ष चटका बसला होता. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिल्याची संपूर्ण बनावट बातमी फेसबुकवर प्रचंड प्रमाणात फिरली. मार्च २०२३ मध्ये, पांढरा शुभ्र फुगीर कोट घातलेले त्यांचे यंत्रनिर्मित छायाचित्र जगभर खरे मानले गेले. २०१८ च्या संज्ञापन-दिनाच्या संदेशात त्यांनी बायबलमधील एदेन बागेतील सर्पाची कथा घेऊन खोट्या बातमीचे स्वरूप उलगडून दाखविले. सर्प सरळ खोटे बोलत नाही. तो हितचिंतकाचा आव आणतो, अर्धसत्य सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसऱ्याविषयी संशय पेरतो. खोट्या बातमीचा परिणाम केवळ बुद्धी फसण्यापुरता नसतो. माणसामाणसांतील नाते त्यामुळे तुटते.

ऑक्टोबर २०२० मध्ये निघालेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात त्यांनी हा विचार राजकारणापर्यंत नेला. लोकांचा कैवार घेतल्याचे भासवून त्यांच्या रागावर आपली सत्ता उभारणारा पुढारी आणि माणसाकडे केवळ बाजारातील एकक म्हणून पाहणारी अर्थव्यवस्था, या दोहोंवरही त्यांनी टीका केली. ‘लोक’ ही कल्पना त्यांनी टाकून दिली नाही. ती पळवून नेणाऱ्यांपासून सोडविण्याचा प्रयत्न केला.

२८ मे २०२३ रोजी व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने समाजमाध्यमांवरील आपल्या वर्तनाविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्याचा आधार लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी मनुष्याचा दाखला हा आहे. लुटारूंनी मारून टाकलेला एक मनुष्य रस्त्यात पडलेला असतो. एक याजक व एक लेवी त्याला पाहतात आणि वळसा घालून निघून जातात. ज्याच्या जमातीशी यहुदी लोकांचे हाडवैर, असा शोमरोनी मात्र थांबतो. या दाखल्याचे मर्म असे की, शेजारी कोण हे आपल्या आवडीनिवडीने ठरत नाही. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांची गणिते मात्र नेमके हेच करतात. आपल्यासारखे बोलणारे, आपल्यासारखे रागावणारे लोक ती आपल्यासमोर आणीत राहतात. जो वेगळा आहे तो एक तर दिसतच नाही किंवा टवाळीचा विषय म्हणून दिसतो. अशा रस्त्यावर शोमरोनी आणि जखमी मनुष्य यांची गाठ पडणार कशी? या दस्तऐवजाची आणखी एक विशेषता अशी की, फूट पाडणारी आणि उथळ भाषा वापरणाऱ्यांत काही बिशप, धर्मगुरू व नामवंत कॅथलिकही आहेत, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

केरळ, आणि सत्तेपासूनचे अंतर

धर्मसंस्थेने राजकारणात किती उतरावे, हा प्रश्न भारतीय वाचकास अपरिचित नाही. केरळात १९५७ मध्ये निवडून आलेल्या साम्यवादी सरकारने शिक्षणविधेयक आणले. खासगी शाळांतील नेमणुकांवर त्यामुळे नियंत्रण येणार होते. कॅथलिक चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, काँग्रेस आणि इतर पक्ष यांनी मिळून जे आंदोलन केले, त्याच्या शेवटी ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक हक्कांचे रक्षण झाले, असे काहींचे मत आहे. लोकांनी निवडलेले सरकार रस्त्यावरील दडपणाने घालविले गेले, असे इतरांचे. वर सांगितलेला भेद येथे लावून पाहिल्यास उत्तर सोपे राहत नाही. त्या मोर्चांत आपल्या मुलांच्या शाळांची खरी काळजी असणारे लोक होते, आणि बोटाच्या इशाऱ्यावर चालणारा जमावही होता. एकाच मोर्चात दोन्ही असू शकतात, हे मान्य केल्याशिवाय या घटनेचा प्रामाणिक विचार करता येत नाही.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना शासकीय सत्तेची पदे स्वीकारण्यास व राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास सामान्यतः मनाई केली. त्यापूर्वीच, १९८० मध्ये, अमेरिकन काँग्रेसचे सदस्य असलेले जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट ड्रिनन यांनी वरिष्ठांच्या आज्ञेवरून पुन्हा निवडणूक न लढविण्याचे ठरविले होते. राजकारण हे सामान्य श्रद्धावंत नागरिकांचे क्षेत्र आहे. धर्मगुरूने सदसद्विवेक जागा करावा, मते मागू नयेत, असा याचा भावार्थ. सार्वजनिक जीवनापासून दूर राहावे असा मात्र तो नव्हे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, हरित वसईच्या रक्षणासाठी चळवळ उभारली आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविले. त्यांच्या निवडीस धर्माच्या कारणावरून काहींनी विरोध केला असतानाही ते व्यासपीठावर उभे राहिले, ते मराठी लेखक आणि नागरिक म्हणून.

सत्य सांगणाऱ्याचे ऋण

ज्या संस्थेने स्वतः सत्य दडविले, तिने इतरांना सत्याचे धडे द्यावेत काय, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल, आणि तो टाळता येणार नाही. धर्मगुरूंकडून बालकांवर झालेले लैंगिक अत्याचार आणि बिशपांनी केलेली त्यांची लपवाछपवी २००२ मध्ये चव्हाट्यावर आली ती ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राच्या शोधामुळे. चर्चच्या आतील कोणत्याही यंत्रणेने जे काम केले नाही, ते वार्ताहरांनी केले. तेव्हा चर्चमधील अनेकांनी या वार्ताहरांना शत्रू मानले होते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांचे याच कामासाठी आभार मानले: चर्चमध्ये काय चुकते आहे ते त्यांनी सांगितले आणि पीडितांना आवाज मिळवून दिला, म्हणून. ग्रंथांवर बंदी घालणाऱ्या गादीच्या वारसाने हे शब्द उच्चारावेत, यात या सबंध इतिहासाचे सार आले आहे. मात्र पीडितांच्या दृष्टीने ते फार उशिरा आले, हेही तितकेच खरे.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी चौदावे लिओ हे नाव धारण केले. औद्योगिक क्रांतीच्या काळात तेराव्या लिओंनी मजुरांचा प्रश्न हाती घेतला, तसाच प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्तेने उभा केला आहे, हे त्या निवडीचे एक कारण त्यांनी सांगितले. निवडीनंतर काही दिवसांतच पत्रकारांना भेटून त्यांनी तुरुंगात असलेल्या वार्ताहरांच्या सुटकेची मागणी केली आणि शब्दांतील हिंसा उतरविण्याचे आवाहन केले.

कॅथलिक श्रद्धेशी ज्याचा संबंध नाही अशा वाचकालाही या विचारातून दोन गोष्टी घेता येतील. एक अशी की, मुस्कटदाबीने असत्य मरत नाही. चारशे वर्षांच्या सूचीने ते सिद्ध केले आहे. दुसरी अशी की, मोकळीक मिळाली म्हणून सत्य आपोआप जिंकत नाही. मनिलाच्या दुसऱ्या अनुभवाने ते दाखविले आहे. या दोहोंच्या मध्ये जे काम उरते ते कायद्याने वा यंत्राने होणारे नाही. हाती आलेला संताप पुढे धाडण्यापूर्वी, हे खरे आहे काय, ज्याच्याविषयी हे आहे त्याची बाजू मी ऐकली आहे काय, आणि तो समोर उभा असता तर मी हे बोललो असतो काय, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारणारी माणसे ज्या समाजात पुरेशी असतात, त्या समाजात लोकशाहीला आधार राहतो. ती संख्येने किती असावीत हे कोणी सांगू शकत नाही. परंतु त्यांतील एक होणे प्रत्येकाच्या हातात आहे.